नाल्यापल्याडची झडती

नागपूर, ता. ४ जुलै १९५४

तीर्थरूप मामा,

शालिग्रामचा दंडवत तुम्हाला आणि मामीला. मूर्तिजापूरला गाडी बदलताना मामीनं दिलेली भुरक्याची बरणी फुटली आणि माझ्या दोन्ही धोतरांना लसणाचा वास लागला. एवढं सोडलं तर प्रवास ठीक झाला. वसतिगृहात खोली मिळाली आहे. खिडकी स्वयंपाकघराकडे उघडते, त्यामुळे दुपारी वांग्याची भाजी आहे हे मला सकाळीच कळतं आणि दिवस तिथेच नासतो.

आता मुख्य बातमी. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी फॅसिझम हा विषय घेतला. म्हणजे तीसेक वर्षांपूर्वी इटलीत आणि नंतर जर्मनीत जी राजवट आली ती. एक पुढारी, एक पक्ष, एक गणवेश, आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. तुम्ही म्हणाल, इंझोरीच्या पोरानं इटलीच्या उकिरड्यात कशाला नाक खुपसावं? पण ज्या लढाईपायी आपल्याकडे रॉकेल मिळेनासं झालं होतं, ती तिथूनच पेटली.

आमच्या सरांची पद्धत निराळी आहे. ते म्हणतात, कागदपत्रांवरून काय झालं ते कळेल, सिनेमावरून ते कसं दिसत होतं ते कळेल, आणि ते घरात कसं शिरलं हे कळायला कथा-कविता वाचाव्या लागतील. त्यांनी मला एकच प्रश्न दिला आहे. इटलीतल्या खेड्यांतली माणसं आपल्यासारखीच होती, बैलवाली, चेष्टेखोर. मग ती गप्प का बसली?

इथल्या मित्रांना मी आपल्या पोळ्याची रीत सांगितली. वर्षभर ज्याला हात जोडायचे, त्याचीच पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली यमक जुळवून टर उडवायची, तिला झडती म्हणायचं, आणि ज्याची टर उडाली त्यानं रागवायचं नाही, हे कोणाला खरंच वाटेना. पहिली झडती गावाकडून तुम्ही म्हणता, तिचं उत्तर नाल्यापलीकडच्या तांड्याचे नाईक दौलतसिंग देतात, आणि उत्तर आल्याशिवाय तोरण तुटत नाही की बैल घरी वळत नाहीत, हे सांगितल्यावर तर एकजण म्हणाला की हे नाटक आहे. पोळ्याला मी नेहमीप्रमाणे येईनच. यंदा झडती कोणावर?

तुमचा
शालिग्राम

---

इंझोरी, ता. १२ जुलै १९५४

चि. शालिग्राम,

मामाचा आशीर्वाद. भुरका सांडला आइकून तुही मामी दोन दिस हळहळली. तिले धोतराचं काई नाई, भुरक्याचं वाईट वाटलं. धोतर धू लेका, नाई तं वर्गात तुह्याजोळ कोनी बसन नाई.

तुहा कागद पारावर वाचला. गावातून कालेजात गेलेला तू एकटा, त्याच्यानं तुहा कागद म्हंजे साऱ्या गावाचा कागद. वांग्याची भाजी आली तं लोकं हासले. इटली आली तं चूप झाले. दौलतसिंग म्हने, पोरगं बापाच्या मांगं मामाच्या वावरात वाढलं, आता साहेबाच्या देशाची पंचाईत करून राह्यलं.

इकडची गोठ सांगतो. रामरावचा गोपीचंद अकोल्याहून परत आला अन् त्यानं ग्रामशिस्त मंडळ काढलं. चाळीस पोट्टे, डोक्याले बदामी पटका, हातात काठी. गावच्या विहिरीतला गाळ काढासाठी पंचायतीनं किती अर्ज केले ते तुले माईत हाय. त्या पोट्ट्याईनं उतरून काढून टाकला. सट्ट्याचं दुकान बंद केलं. बाजाराच्या दिवशी दारू पिऊन लोळनारे होते, त्याईले उचलून घरी नेऊन टाकलं. मी तं गोपीचंदच्या पाठीवर थाप मारली. पोरगं सोनं हाय.

यंदा झडतीत कोनाले धराव, मोठी पंचाईत हाय. गावात वाईट कोनी उरलंच नाई.

तुह्या इटलीवाल्या पुढाऱ्याची गोठ गोपीचंदले भल्ली आवडली. म्हने, शालिग्रामभाऊले लिव्हा, त्या मान्सानं गावाईले शिस्त कशी लावली ते खुलासेवार कळवा. तं कळव. तुह्या इद्येचा गावाले उपयोग होऊन राह्यला, यापरीस काय पाह्यजे?

तुहा मामा
मारोतराव

---

नागपूर, ता. २० जुलै १९५४

तीर्थरूप मामा,

पत्र वाचून छाती फुगली. विद्यापीठात माझं टिपण ऐकायला पाच माणसं जमत नाहीत आणि तिकडे पारावर सगळा गाव जमतो. तेव्हा खुलासेवार लिहितो.

सुरुवात जवान पोरांच्या टोळ्यांपासून झाली. सगळ्यांना एका रंगाचा सदरा, एक शपथ, आणि रस्त्यात पुढारी भेटला की हात उंच करून सलाम. जो सलाम करणार नाही त्याचं नाव लिहून घ्यायचं. शेजाऱ्यावर शेजाऱ्यानं नजर ठेवायची. मग एक परका ठरवायचा, म्हणजे बाकीचे एक होतात. बाहेरून येणाऱ्याला चिठ्ठी लागायची. विरोध करणाऱ्याला ठार मारण्यापेक्षा चौकात एरंडेल पाजण्याची त्यांची तऱ्हा होती. त्यानं माणूस मरत नाही, पण चारचौघांत त्याची जी फजिती होते त्यानंतर तो मान वर करत नाही. शेवटी सण-उत्सव पक्षानं ताब्यात घेतले. गाणी आधी तपासून, मंजूर झाली तरच म्हणायची. हे सगळं फार थोड्या वर्षांत आणि फार थोड्या माणसांनी घडवून आणलं, आणि अभ्यासाच्या दृष्टीनं तेच लक्षणीय आहे.

सर म्हणतात, अभ्यासकानं आधी नुसतं वर्णन करावं, निवाडा शेवटच्या प्रकरणात. म्हणून मी माझं मत मुद्दामच बाजूला ठेवलं आहे.

मामीला सांगा, दुसरी बरणी पाठवताना चिंधीत गुंडाळावी.

शालिग्राम

---

इंझोरी, ता. ३० जुलै १९५४

श्री. शालिग्राम यांस,

आपले पत्र पावले. ते पारावर मोठ्याने वाचण्यात आले व सर्वांनी शांततेने ऐकले. मंडळाचे अध्यक्ष श्री. गोपीचंद यांनी आपल्या माहितीबद्दल समाधान व्यक्त केले आहे. गावात सर्वत्र शिस्त व ऐक्य आहे. कोणाचीही कोणाविषयी तक्रार नाही.

इटली व जर्मनी येथील उत्सवांची व्यवस्था, रांगा, घोषणा व मिरवणुकी यांची अधिक माहिती मंडळास हवी आहे. ती त्वरित पाठवावी.

पोळ्याची झडती व्यवस्थित व्हावी यासाठी माझी झडती-तपासनीस या पदावर नेमणूक झाली आहे. ही माझ्यासाठी सन्मानाची बाब आहे. आपला अभ्यास महत्त्वाचा असल्याने यंदा पोळ्यास येण्याची तसदी घेऊ नये.

आपला
मारोतराव

---

नागपूर, ता. ५ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप मामा,

तुमचं पत्र मी खोलीतल्या मित्राला दाखवलं. चौथी शिकलेला माणूस असं शुद्ध लिहितो यावर तो चकित झाला. मला तुमचा अभिमान वाटला, पण खरं सांगू? ‘लेका’ म्हटलं नाहीत, त्यामुळे जरा चुकल्यासारखं झालं. तपासनीस झालात म्हणून असेल.

परवा आम्हाला त्या काळातली एक जर्मन फिल्म दाखवली. भिंतीवर पांढरी चादर लावली होती आणि मशीन मधूनमधून अडकत होतं. सुगीचा सण होता. पूर्वी तिथे शेतकरी नाचत, पीत, एकमेकांची चेष्टा करत. फिल्ममध्ये ते सरळ रांगांत उभे होते. प्रत्येक गावाची रांग वेगळी, फावडी खांद्याला लावलेली, आणि बोलणारा माणूस एकच. बाकी लाखभर लोकांनी फक्त एका शब्दात उत्तर द्यायचं. चित्रण फार देखणं होतं. पाहताना माझ्या अंगावर काटा आला आणि मलाही त्या रांगेत उभं राहावंसं वाटलं, हे मी टिपणात लिहून ठेवलं आहे.

पोळ्याला न येण्याची मोकळीक दिलीत, बरं झालं. दुसरं प्रकरण अडलं होतं. दौलतसिंगकाकांना नमस्कार सांगा.

शालिग्राम

---

कारंजा, ता. १२ ऑगस्ट १९५४

शालिग्राम,

हा कागद कारंज्याले येऊन लिव्हून राह्यलो, तुह्या मामीच्या भावाच्या दुकानात बसून. मांगचा कागद माहा नोता. गोपीचंदनं सांगतला अन् मी लिव्हला. तुले समजन असं वाटलं होतं. तू तं शुद्ध भाषेवर खुश झाला! धन्य तुही अन् तुह्या कालेजाची.

तुहे कागद आता पहिले गोपीचंद फोडते, मंग मले देते. पारावर आता मी वाचत नाई, त्याचा एक पोट्टा वाचते.

दौलतसिंगले नमस्कार सांग म्हनतं. कसा सांगू? तांड्यावाल्याईले गावात याले चिठ्ठी लागते. कनसं चोरीले गेले अशी आवई उठली, कोनाचे गेले ते अजून कोनी सांगतलं नाई, पन चोर तांड्यातला हे पहिल्याच दिवशी ठरलं. दौलतसिंगचा भाऊ सेवालाल मिठासाठी दुकानात आला, चिठ्ठी घरी इसरून. त्याले चावडीपुढं बसवलं अन् पावशेर एरंडेल पाजलं.

एरंडेल, शालिग्राम. हे गोपीचंदच्या डोक्यातून निंगालं नाई. सलामही नाई, चिठ्ठीही नाई.

सारा गाव उभा होता. सेवालालचं धोतर खराब झालं तवा कोनीतरी म्हनलं, याले इटलीचं पानी लागलं. लोकं हासले. मीही हासलो. मले हासू आलं म्हनून नाई, गोपीचंद माह्याकडं पाहून राह्यला होता म्हनून. सेवालाल चाळीस वर्साचा मानूस, माह्या लग्नात त्यानं लहानपनी मांडवात पानी वाढलं होतं. तो मान खाली घालून नाल्याकडं गेला अन् मंग आठवडाभर खाटेवरून उठला नाई. मी घरी आलो तं तुही मामी बोलेना. तिनं ताट वाढलं अन् तोंड फिरवून बसली. मले माहीच लाज वाटली.

पोळ्याले तांड्याच्या जोड्या नाल्याच्या अल्याड याच्या नाईत असा हुकूम हाय. झडत्या कागदावर लिव्हून मले दाखवाच्या अन् मी मंजूर कराच्या. मी चार पोट्ट्याईच्या झडत्या फाडल्या. एक तं इतकी नामी होती का फाडता फाडता मी दोनदा वाचली.

आता सांग, त्या लोकाईनं याच्या पुढं काय केलं? म्हंजे आमाले काय येनार हाय ते समजन. कागद इथंच, दुकानाच्या पत्त्यावर टाकजो.

मामा

---

नागपूर, ता. १७ ऑगस्ट १९५४

मामा,

तुमचं पत्र घेऊन सरांकडे पळत गेलो. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, “उत्तम स्थानिक उदाहरण आहे. परिशिष्टात घाला.” मला त्यांचा संताप आला. दारातून बाहेर पडलो आणि पायऱ्यांवरच बसलो, कारण सेवालालकाकांचं उदाहरण तर मीच करून बसलो होतो, माझ्या त्या खुलासेवार पत्रानं. परिशिष्टाच्या आधीच.

मामा, मी तुम्हाला जे लिहिलं ती शिकवण नव्हती. तो रोग होता. हे एक वाक्य मी लिहायला हवं होतं आणि ते शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवलं. त्याच लोकांनी पुढे काय केलं विचारता. पुढे त्यांनी परक्यांची यादी वाढवत नेली. आधी परके, मग परक्यांशी बोलणारे, मग जे सलाम जरा उशिरा करतात ते. हे वर्णन आहे, आणि निवाडाही सांगतो: ते नीच लोक होते, आणि गोपीचंद त्याच वाटेनं चालला आहे.

सोबत एक वेगळा कागद जोडला आहे. तो पारावर वाचा. त्यात मी सगळं स्पष्ट केलं आहे. शिवाय पोळ्यासाठी एक झडती रचून पाठवतो:

हुकूमशाहीचे जाळे विदारा,
स्वातंत्र्यसूर्याचा करा पुकारा!

मी येतो. प्रकरण अडलं तर अडलं.

शालिग्राम

---

कारंजा, ता. २२ ऑगस्ट १९५४

लेका शालिग्राम,

तुही झडती वाचली. माह्या बैलाले वाचून दाखवली तं तो चारा खाचा थांबला. असं विदारा-पुकारा तोरनाखाली म्हनलं तं लोकं मले ताप आला म्हनतीन.

तू येऊ नको. तू आला तं गोपीचंद तुले पारावर बसवन, हार घालन, अन् म्हनन का हाच आपला गुरू. मंग तू काय बोलशीन?

तुहा जोडलेला कागद पारावर वाचनार नाई. मी भेतो. सरळ सांगतो. वैद्यानं रोगाचं वर्नन धाडलं अन् आमी औशिध समजून पेलो, यात वैद्याची चूक हाय, पन पेनाऱ्यानं वास तं घ्याचा होता. आता मंडळाची धमकी अशी का पोळ्यात कोनी वाकडा शब्द बोल्ला तं त्याच्या घरच्याईले गावची विहीर बंद. तुही मामी या वयात नाल्यावरून घागर आनन का?

काल नाल्यावर बैलं धुवाले गेलो होतो. पल्याड दौलतसिंग त्याची जोडी धुवून राह्यला होता. इस वर्सं आमी या दिवसात तिथं उभे राहून झडतीवरून भांडतो. तो म्हनते, तुमचं यमक लंगडं, मी म्हनतो, तुहा बैल लंगडा. काल त्यानं खूर धुतले, शिंगं घासले, अन् वर पायलं नाई. मी खाकरलो. तरी नाई.

माही झडती मंजूर झाली हाय. गोपीचंदनं सोताच लिव्हली. तेच म्हनीन अन् घरी येईन. मले समजून घे.

मामा

---

इंझोरी, ता. ३० ऑगस्ट १९५४

शालिग्राम,

पोळा झाला. कसा झाला ते सांगतो, अन् मधी बोलू नको.

तोरन नेहमीच्याच जागी, नाल्याच्या उताराजोळ. पन यंदा चुन्याच्या रेघा आखल्या होत्या, तुह्या त्या जर्मन फिल्मासारख्या. जोड्या रांगेत, मानसं रांगेत, बाया दोरीच्या मांगं. गोपीचंद तोरनाखाली पाटावर उभा. बैलाईले रेघ समजत नाई, त्याईनं पहिल्याच घंट्यात शेन टाकून मोडली, ते सोड. नाल्यापल्याड तांड्याच्या जोड्या उभ्या होत्या. सजवलेल्या. कोनी बोलावलं नोतं तरी. दौलतसिंग सगळ्यात पुढं, अन् त्याच्या बाजूले सेवालाल.

मले हाक मारली. मी कागद काहाडला अन् वाचली:

विहीर झाली साफ अन् गल्ली झाली साफ,
गोपीचंदाच्या राज्यात चोराले नाई माफ!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...

हर हर महादेव, असं लोकाईनं म्हनलं, पन हळू, देवळात म्हनतेत तसं. गोपीचंदनं मान हालवली. म्हने, चला मारोतराव, न्या जोडी, तोडा तोरन.

मी कासरा हातात घेतला होता. खरं सांगतो, जाचंच होतं मले. पन पाय उचलला अन् कान आपोआप पल्याड लागला. इस वर्साची सवय. झडती म्हनली का कान तिकडं. मी उभाच राह्यलो.

गोपीचंद म्हने, काय झालं?

मी म्हनलं, काई नाई बाप्पा, उत्तर यासाठी थांबलो.

तो म्हने, कायचं उत्तर?

मी म्हनलं, झडतीचं. आज्याच्या काळात पुरात गावची जनावरं तांड्यावाल्याईनं काहाडली, तवापासून उत्तर तिकडून येते. उत्तर आल्याबिगर तोरन तोडलं तं बैलं रोगानं मरतेत. मी तोडत नाई, दुसऱ्या कोनाची हिंमत असन तं त्यानं तोडावं.

मी हे शूरपनानं बोल्लो नाई. पन गोठ खरी होती अन् साऱ्या गावाले माईत होती. गोपीचंदनं मांगच्या जोडीवाल्याले हुकूम केला. तो म्हने, माहे बैल नवे हायेत, मी कायले? त्याच्या मांगचाही हालला नाई. मंडळाचा एक पोट्टा पुढं आला अन् खिशातून कागद काहाडून उत्तर वाचलं. हर बोला म्हनलं त्यानं. कोनी बोल्लं नाई. एकही मानूस नाई. बैलाईच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज तेवढा. एक म्हातारी दोरीमांगून म्हने, हे उत्तर नाई, उत्तर पल्याडून येते.

सूर्य टेकला. बैलं मुतून राह्यले, लेकरं रडून राह्यले, कोनी हालेना. गोपीचंद पाटावरून उतरला, पुन्हा चढला. मले वाटलं, आता दौलतसिंग काहून बोलन? त्याच्या भावाची ती दशा केली अन् आमी हासलो. मी त्याच्या जागी असतो तं जोडी फिरवून घरी गेलो असतो.

मंग त्याचा आवाज आला. तोच, फुटक्या नगाऱ्यासारखा:

शिंगाले बेगड, पाठीवर झूल, बैल चालला तोऱ्यात,
उद्या झूल निंगन तवा पुन्हा शेन भरन गोठ्यात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...

शालिग्राम, आधी काईच झालं नाई. मंग कोनीतरी गोपीचंदच्या पटक्याकडं पायलं. मंग दुसऱ्यानं. अन् जे हसू फुटलं! पोट धरून, बैलाच्या मानीवर डोकं ठेवून हासले लोकं. पटकेवाल्या पोट्ट्याईतलेही दोघं-तिघं हासले, अन् गोपीचंदनं ते पायलं. हर हर महादेव असं झालं का माहा बैल बुजला.

मंग लोकंच ओरडले, आन जोडी, आन जोडी! दौलतसिंगनं जोडी नाल्यात घातली. पोटापावतर पानी. गोपीचंद काठी आडवी धरून उभा राह्यला, पन बैलाले काय समजते अध्यक्ष? तो बाजूले झाला. आमी दोघाईनं जोड्या एका बरोबरीनं काहाडल्या अन् तोरन तुटलं. दौलतसिंग बाजूले आला तवा पहिलं काय म्हनलं असन? म्हने, यमक लंगडं होतं तुमचं. मी म्हनलं, माहं नोतंच ते. अन् मले रडू आलं.

सेवालाल नाल्याच्या पल्याडच राह्यला. मी संध्याकाळी पुरनपोळी घेऊन गेलो. त्यानं घेतली, पन माह्यासमोर खाल्ली नाई.

मामा

---

नागपूर, ता. ५ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप मामा,

पत्र वाचून मी खोलीत एकटाच ‘हर हर महादेव’ ओरडलो. शेजारचा मित्र, आपल्या रितीला नाटक म्हणणारा तोच, आग लागली समजून बादली घेऊन धावत आला. त्याला सगळं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे नाटक नाही. दोन महिन्यांत मतपरिवर्तन.

सरांना सांगितलं की तुमचं पत्र परिशिष्टात जाणार नाही. कुठे जाईल ते अजून मलाही ठाऊक नाही. निवाडा मात्र आता पहिल्या पानावर लिहिला आहे. सेवालालकाकांना मी स्वतंत्र पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. दिवाळीत येऊन त्यांच्या समोर उभा राहीन, ते काय म्हणतील ते ऐकेन.

सरांचा प्रश्न तसाच आहे. पुस्तकं सांगतात, लोक भीतीनं गप्प बसले, किंवा गरिबीमुळे, किंवा अडाणी होते म्हणून. मामा, तुम्ही भित्रे नाही आणि अडाणी तर नाहीच. तरी महिनाभर गप्प होतात. का? प्रबंधासाठी नाही विचारत. मला कळायला हवं.

तुमचा
शालिग्राम

---

इंझोरी, ता. १४ सप्टेंबर १९५४

चि. शालिग्राम,

आशीर्वाद. कागदाले उशीर झाला, कारन उजव्या कानानं आता आइकू येत नाई अन् डोकं ठनकते. पोळ्याच्या चौथ्या दिवशी बाजारातून येतांनी कोनीतरी मांगून काठी हानली. हाननाऱ्याच्या डोक्याले पटका नोता, त्याच्यानं कोन ते फौजदाराले सांगता आलं नाई. गावाले सांगाची गरज पडली नाई. दौलतसिंगच्या जवारीत ढोरं घातले, अर्धं वावर चरून गेलं. विहीर मातर बंद झाली नाई. बायाच उभ्या राह्यल्या तिथं घागरी घेऊन, तुही मामी सगळ्यात पुढं.

मंडळ हाय अजून. चाळीस होते, आता पंधरा-सोळा येतेत. गोपीचंद मले रामराम करत नाई. चिठ्ठी कोनी मांगत नाई.

काहून गप्प बसलो इचारतं, तं आइक. पहिले विहीर साफ झाली म्हनून. तुही मामी ते गढूळ पानी फडक्यानं गाळून गाळून कंटाळली होती, अन् एक दिवस घागर नितळ आली. ज्यानं नितळ पानी देल्लं त्याले वाईट कसं म्हनाव? मंग सट्टा बंद झाला, तेही चांगलंच होतं. मंग मले तपासनीस केलं. ते भल्लं गोड लागलं, खोटं कायले बोलू. मंग सेवालाल. तवा बोलाचं होतं, पन तवर हात जोडाची सवय लागली होती अन् बाजूचे हासत होते. भेव तं सगळ्याच्या मांगून आलं. तुह्या पुस्तकात ते पहिले लिव्हलं हाय, ते चूक हाय.

आता माहा एक सवाल. आमचं निभलं ते तोरनाच्यानं. त्या रीतीत दुसऱ्याचं उत्तर घ्याच लागते, मंग तो आवडो का न आवडो. मी काई मोठा मानूस नाई, मी उभा राह्यलो तो सवयीनं. तं त्या इटलीतल्या गावाईत अशी एखादी रीत होती का? होती असन तं त्याईनं ती कशी मोडली? ते पुस्तकात पाय अन् खुलासेवार कळव, पुढच्या पोळ्याच्या आंधी. गोपीचंदही शोधूनच राह्यला असन.

हा कागद पारावर वाचून मंगच टाकतो. आज सेवालाल आला हाय. पारावर नाई बसला, खाली बसला हाय जरा दूर, पन आइकून राह्यला.

तुहा मामा
मारोतराव